सात शपथा आणि एक मानधन : भारत सेवक समाजात काम करणे म्हणजे काय होते? #थ्रेड

१/१८
हिंगोली, वसमत, कळमनुरी परिसरात एखादा पदवीधर तरुण ‘संस्थेत काम करतो’ असे म्हणाला, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ‘म्हणजे नोकरी नाही का?’ त्याला दरमहा जे मिळते, त्यालाही पगार म्हणत नाहीत, ‘मानधन’ म्हणतात. सेवा हे पोटाचे साधन असू शकते का, आणि असावे का, हा वाद आजचा नाही. १२० वर्षांपूर्वी पुण्यात एका माणसाने त्याचे लेखी उत्तर तयार केले होते. आजचा धागा त्या उत्तराविषयी आहे.

२/१८
१२ जून १९०५. फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्वतः शपथ घेतली आणि मग ती तीन सहकाऱ्यांना दिली : नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत पटवर्धन. संस्थेचे नाव सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, मराठीत भारत सेवक समाज. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये नियोजन आयोगाच्या प्रेरणेने निघालेला ‘भारत सेवक समाज’ वेगळा. नावसाधर्म्यामुळे या दोहोंची गल्लत वारंवार होते.

३/१८
तोवर आपल्याकडे सेवा होत नव्हती काय? होत होती. धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया, दुष्काळातील धान्यवाटप हे सारे होते. सभा, परिषदा आणि अर्ज-विनंत्याही होत्या. पण हे करणारी माणसे बहुधा फावल्या वेळेत करीत : वकील कचेरी सुटल्यावर, शिक्षक सुट्टीत, सावकार पुण्यतिथीला. गोखल्यांचा आक्षेप नेमका येथे होता. देशाचे काम उरलेल्या वेळेत होणार नाही, त्यासाठी सगळा वेळ देणारी, शिकून तयार झालेली माणसे लागतील, असे त्यांचे म्हणणे होते.

४/१८
उरलेल्या वेळेतील सेवा तुच्छ होती, असे मात्र समजू नये. आजच्या हिंगोली जिल्ह्यातील पुरजळचे केशवराव कोरटकर याच काळातले. त्यांनी हैदराबादेत वकिली केली, पुढे ते तेथे न्यायमूर्ती झाले, आणि त्यांच्या पुढाकाराने विवेक वर्धिनीसारखी शाळा उभी राहिली. निजामाच्या राज्यात सार्वजनिक कार्याला वाव अपुरा होता. तेथे स्वतःच्या मिळकतीवर उभा असलेला प्रतिष्ठित माणूस हाच चळवळीचा आधार असे. कमवावे आणि द्यावे, हा एक मार्ग. गोखल्यांनी दुसरा निवडला.

५/१८
या दुसऱ्या मार्गाचे बीज गोखल्यांच्या स्वतःच्या आयुष्यात होते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून त्यांनी दरमहा ७५ रुपयांवर शिकवले आणि वीस वर्षांची बांधिलकी पाळून १९०२ मध्ये ते निवृत्त झाले. हुशार माणसाने बाजारभावापेक्षा कमी घ्यावे आणि त्याच्या बदल्यात संस्थेने त्याला स्थैर्य द्यावे, हा करार त्यांनी शाळा-महाविद्यालयात अनुभवला होता. १९०५ मध्ये त्यांनी तोच करार वर्गाबाहेर, देशाच्या कामात आणला.

६/१८
आता सात शपथांकडे वळू. त्यांचा आशय असा : देश नेहमी प्रथम. सेवेतून स्वतःचा लाभ शोधणार नाही. जातिधर्माचा भेद न करता सर्व भारतीयांना बंधू मानीन. समाज माझी व माझ्या कुटुंबाची जी तरतूद करील तीत समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती खर्चणार नाही. खाजगी आयुष्य शुद्ध ठेवीन. कोणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. समाजाचे ध्येय सदैव डोळ्यांपुढे ठेवीन व त्याच्याशी विसंगत असे काही करणार नाही.

७/१८
चौथी शपथ पुन्हा वाचा. तीत ‘कुटुंब’ हा शब्द आहे, आणि माझ्या मते संपूर्ण घटनेतील सर्वांत क्रांतिकारक शब्द तोच आहे. आपल्या परंपरेत सर्वस्व देणारा माणूस म्हणजे संन्यासी. त्याने घर सोडायचे असते. गोखल्यांचा सेवक घर सोडत नाही. त्याला बायको-मुले आहेत, त्यांना जेवायला लागते, हे संस्था मान्य करते आणि ती जबाबदारी उचलते. सेवकाने श्रीमंत होऊ नये, पण त्याच्या घरच्यांनी उपाशीही राहू नये.

८/१८
या कराराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शपथ पतीने घ्यायची आणि काटकसर पत्नीने करायची. पती प्रांताप्रांतांत फिरणार, आणि घर, आजारपण, मुलांचे शिक्षण तिच्या अंगावर येणार. समाजाचे आरंभीचे सेवक सारे पुरुष होते. त्यांच्या घरातील स्त्रियांनी कोणतीही शपथ घेतली नव्हती, पण ती पाळली मात्र त्यांनीही. संस्थांचे इतिहास लिहिताना हा खर्च जमाखर्चाच्या वहीत येत नाही.

९/१८
शपथ घेतली की काम सुरू, असेही नव्हते. प्रशिक्षणाचा काळ पाच वर्षांचा. त्यात अभ्यास, प्रवास आणि ‘प्रथम सेवक’ म्हणजे स्वतः गोखले यांचे पूर्ण मार्गदर्शन व नियंत्रण. आज एखाद्या प्रकल्पावर रुजू होणाऱ्याला काही दिवसांच्या कार्यशाळेनंतर गावात पाठवले जाते. ही पाच वर्षे तेव्हाही अनेकांना अतिरेकी वाटली असतील. गोखल्यांचा एवढा आग्रह का होता?

१०/१८
येथे एक अनुमान मांडतो. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग असताना गोखले वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. प्लेगच्या घरझडत्यांतील सोजिरांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. परतल्यावर पुरावा उभा करता येईना आणि त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. स्वकीयांनीही त्यांना दूषणे दिली. त्यानंतर त्यांनी प्लेगनिवारणाच्या कामात स्वतःला झोकून दिले. आधी माहिती पक्की करावी, मग बोलावे, हा धडा ज्याने इतकी किंमत देऊन घेतला, त्याने पुढच्या पिढीसाठी अभ्यासाची अट घालावी, हे समजण्यासारखे आहे.

११/१८
प्रत्यक्ष काम कसे होते? देवधरांचे उदाहरण घ्या. १९०७-०८ च्या दुष्काळात समाजाचे सेवक संयुक्त प्रांतात मदतकार्याला गेले. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्यासह देवधरांनी पुणे सेवासदन उभारले. १९२१ च्या मोपला उठावानंतर पन्नाशीचे देवधर मलबारात होते : भाषा परकी, प्रदेश परका आणि निर्वासितांच्या छावण्या. मदत संपल्यावर पुनर्वसन आणि शिक्षणाचे काम तेथे त्यांच्या नावाने पुढे चालले. निर्वासितांना जेवण देऊन परत येणे सोपे. त्यांचे जगणे पुन्हा मांडून देणे हे वर्षानुवर्षांचे काम असते.

१२/१८
१९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्याला समाजाने हृदयनाथ कुंझरू यांच्या नेतृत्वाखाली स्वयंसेवकांचे मोठे पथक पाठवले. वैद्यकीय जबाबदारी डॉ. देव यांची. त्यांनी शौचासाठी खड्डे खणून घेतले, पण सफाई पगारी भंग्यांवर अवलंबून होती. गांधीजी आपली फिनिक्सची मंडळी घेऊन आले आणि मैला मातीने झाकण्याचे काम त्यांनी मागून घेतले. देवांनी ते आनंदाने दिले. सर्व भारतीय बंधू, ही तिसरी शपथ. तिची खरी परीक्षा व्यासपीठावर झाली नाही, ती त्या खड्ड्यांपाशी झाली.

१३/१८
हेच डॉ. देव १९१७ मध्ये चंपारण्यात दिसतात. गांधीजींनी त्यांना समाजाकडून मागून घेतले होते. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आणि पुण्याहून आनंदीबाई वैशंपायनही गेल्या होत्या. औषधे तीनच : एरंडेल, क्विनीन आणि गंधकाचे मलम. जीभ खराब किंवा पोट साफ नाही, तर एरंडेल. ताप असेल तर एरंडेलानंतर क्विनीन. खरूज-गळवांना स्वच्छ धुऊन मलम. गावकरी सफाईला हात लावायला तयार नव्हते. देव आणि स्वयंसेवकांनी रस्ते व अंगणे झाडली, विहिरी उपसल्या, डबकी बुजवली. पदवी वैद्यकाची आणि हातात झाडू, असे ते काम होते.

१४/१८
मात्र ज्या गांधीजींनी हे सारे केले, त्यांना समाजाचे सभासदत्व मिळाले नाही. गोखल्यांची इच्छा होती. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले आणि गांधीजींनी अर्ज केला. सभासदांत मतभेद झाले. आपल्या आणि त्यांच्या कार्यपद्धतीत मूलभूत अंतर आहे, अशी काहींची प्रामाणिक भावना होती. गांधीजींनी अर्ज मागे घेतला आणि स्नेह कायम राहिला. सहावी शपथ येथे उपयोगी पडली असे म्हणता येईल : मतभेद झाले, भांडण झाले नाही. पण शिस्तीवर उभी असलेली संस्था स्वतंत्र सदसद्विवेकाच्या माणसाला सहज सामावून घेऊ शकत नाही, हेही यातून दिसते.

१५/१८
समाजाच्या मर्यादा लपवण्याचे कारण नाही. त्याच्या घटनेने इंग्रजांशी असलेला संबंध दैवी योजना म्हणून स्वीकारला होता, आणि टिळकांच्या पुण्यात हे अनेकांना रुचणे शक्य नव्हते. इंग्रजी शिक्षण घेतलेल्यांचीच ही संस्था होती, आणि त्या काळी ते शिक्षण प्रामुख्याने उच्चवर्णीयांच्या हाती होते. सेवकांची संख्याही कधी फार वाढली नाही. आयुष्यभराची शपथ मागणाऱ्या संस्थेत गर्दी होत नसते.

१६/१८
संख्या थोडी असूनही पसारा पाहा. १९०९ मध्ये आलेल्या ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. पुढे कामगार चळवळीतील त्यांचे स्थान सर्वज्ञात आहे. अमृतलाल ठक्कर हे मुंबई महापालिकेतील अभियंत्याची नोकरी सोडून १९१४ मध्ये आले. १९२० मध्ये ओरिसात दुष्काळनिवारण, १९२२ मध्ये दाहोदचे भिल्ल सेवा मंडळ, आणि देशाने त्यांना ठक्करबाप्पा म्हटले. नागपूरचा ‘हितवाद’ आणि पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ समाजाने चालवले. १९३० मध्ये समाजाच्या आश्रयाने गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले.

१७/१८
या सर्वांना एका सूत्रात बांधणारी गोष्ट कोणती? उद्या काय खायचे, या चिंतेतून संस्थेने त्यांना मोकळे केले होते. मिळणारी रक्कम थोडी, पण खात्रीची. म्हणूनच ठक्करबाप्पा भिल्ल वस्तीत वर्षानुवर्षे राहू शकले आणि जोशी कामगारांच्या प्रश्नात आयुष्य घालवू शकले. गोखल्यांच्या करारात त्याग एकतर्फी नव्हता. सेवकाने संस्थेला आयुष्य द्यायचे आणि संस्थेने सेवकाला आयुष्यभर सांभाळायचे. आज आपण यातला पहिला अर्धा भाग भाषणांत आठवतो आणि दुसरा विसरतो.

१८/१८
हिंगोलीच्या त्या तरुणाकडे परत येऊ. आरोग्य, पाणी, शिक्षण यांपैकी कोणत्या तरी प्रकल्पावर तो आहे. निधी वर्षाचा, करार वर्षाचा. मार्च जवळ आला की पुढच्या वर्षी आपण असू की नाही, हे त्याला ठाऊक नसते. गाव ओळखीचे होते तोवर प्रकल्प संपतो. ‘सेवाभाव हवा’ हे त्याला ऐकवले जाते तेव्हा गोखल्यांचे नाव हमखास घेतले जाते. तेव्हा त्याने नम्रपणे चौथी शपथ काढून दाखवावी. तीत सेवकाच्या समाधानाच्या आधी संस्थेची तरतूद लिहिलेली आहे, आणि ती केवळ त्याच्यासाठी नाही, त्याच्या कुटुंबासाठीही आहे.

धागा येथे संपतो. तुमच्या घरात किंवा गावात अशा एखाद्या संस्थेत आयुष्य घालवलेले कोणी असेल, तर त्यांच्याशी बोला, त्यांच्या आठवणी लिहून ठेवा. त्यांच्या घरच्यांच्या आठवणीही लिहायला विसरू नका.