मोडक्या पोलीस मोटारीची प्रतिकृती : प्रमाणबद्ध प्रतिकृतिकलेतील हानिदर्शनाचा इतिहास

प्रास्ताविक

भौतिक संस्कृतीच्या अभ्यासात नाणी, भांडी, शस्त्रे व वास्तू यांना इतिहासाचे साधन म्हणून केव्हाच मान्यता मिळाली आहे. लहान प्रमाणातील प्रतिकृतींच्या वाट्याला मात्र ते स्थान आलेले नाही. 'छंद' या एका शब्दात त्यांची बोळवण केली जाते. वस्तुतः कोणत्या वस्तूची प्रतिकृती करावी आणि ती नवी कोरी दाखवावी की वापरून झिजलेली, मोडलेली दाखवावी, या निवडीत त्या वस्तूकडे पाहण्याची समाजाची दृष्टी उतरलेली असते. अमेरिकेतील प्रतिकृतिकलेत हानिदर्शन कसे आले आणि अपघातात मोडलेल्या पोलीस मोटारीच्या प्रतिकृतीत वास्तवाचा दावा कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विक्रीदालनातील जन्म

अमेरिकन मोटारप्रतिकृतीची नाळ विक्रीच्या दालनाशी जोडलेली आहे. १९४८ मध्ये मिशिगन राज्यात स्थापन झालेल्या ए.एम.टी. या कंपनीने प्रारंभी फोर्ड मोटारीच्या ॲल्युमिनियमच्या लहान प्रतिकृती तयार केल्या, त्या मोटार विक्रेत्यांना पुरवण्यासाठी. पुढे धातूची जागा प्लॅस्टिकने घेतली आणि १९५८ पासून १/२५ प्रमाणातील जुळणीचे संच बाजारात आले. जनरल मोटर्सच्या आश्रयाखाली १९३० ते १९६८ या काळात चाललेल्या फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्डच्या स्पर्धांतही मुलांच्या हस्तकौशल्याची पारख होत असे ती निर्दोष पृष्ठभागावर आणि आरशासारख्या रंगावर. ज्या वस्तूचा हेतूच नवी मोटार खपवणे हा होता, तिच्यावर पोचा दाखवणे म्हणजे आश्रयदात्याचाच अपमान. त्यामुळे हानिदर्शनाची कला मोटारींच्या प्रतिकृतींत उशिरा, आणि बाहेरून आली.

ती कोठून आली याचे धागे निदान चार क्षेत्रांत सापडतात. रेल्वे प्रतिकृतींच्या क्षेत्रात कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे येथील जॉन ॲलन यांनी १/८७ प्रमाणातील आपल्या रेल्वेजगात काजळी, गंज, कुजलेले लाकूड आणि कललेल्या इमारती दाखवल्या. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच ही सारी रचना आगीत नष्ट झाली. पुढील पिढ्यांपर्यंत ती पोहोचली ती छायाचित्रांतून. ब्रिटनमध्ये १९६५ पासून प्रसारित झालेल्या 'थंडरबर्ड्स' या दूरचित्रवाणी मालिकेसाठी डेरेक मेडिंग्ज यांनी नवी कोरी यंत्रे मुद्दाम मळवली, कारण कॅमेऱ्यासमोर स्वच्छ प्रतिकृती खेळण्यासारखी दिसते. युद्धवाहनांच्या प्रतिकृतींत शेपर्ड पेन यांनी १९७० च्या दशकात मोनोग्राम कंपनीच्या संचांसाठी केलेले देखावे, तसेच १९८० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे देखावेनिर्मितीवरील पुस्तक, यांनी एका पिढीची दृष्टी बदलली.

चौथा धागा पोलिसांशी थेट संबंधित असूनही छंदाच्या इतिहासात त्याची फारशी दखल घेतली जात नाही. शिकागोतील धनिक घराण्यात जन्मलेल्या फ्रान्सेस ग्लेसनर ली (१८७८-१९६२) यांनी १९४० च्या दशकात मृत्युस्थळांच्या १/१२ प्रमाणातील प्रतिकृती तयार करवून घेतल्या. हार्वर्ड विद्यापीठातील न्यायवैद्यक विभागाच्या चर्चासत्रांत पोलीस अधिकाऱ्यांना निरीक्षण शिकवण्यासाठी त्यांचा उपयोग होई. न्यू हॅम्पशायर राज्य पोलीस दलाने १९४३ मध्ये लीबाईंना कॅप्टनपद दिले. त्यांच्या प्रतिकृतींतील प्रत्येक डाग हा पुरावा होता. शोभेखातर काढलेला एकही डाग तेथे चालला नसता. हानी 'दाखवणे' आणि हानी 'वाचता येईल अशी दाखवणे' यांतील हा भेद पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

पत्र्याची जाडी

मोडलेल्या मोटारीची प्रतिकृती करणाऱ्यापुढील पहिली अडचण केवळ अंकगणिताची आहे. खऱ्या मोटारीचा पत्रा साधारण ०.८ मिलिमीटर जाड असतो. १/२५ प्रमाणात ही जाडी सुमारे ०.०३ मिलिमीटर भरते. संचातील प्लॅस्टिकची कड मात्र एक ते दीड मिलिमीटर असते. म्हणजे खऱ्या मोटारीच्या हिशेबाने अडीच ते पावणेचार सेंटिमीटर जाडीचा पत्रा! असा पत्रा चिलखती रणगाड्याला शोभेल. अखंड मोटारीत ही कड झाकलेली राहते. मडगार्ड फाटले की ती उघडी पडते आणि सारा आभास कोसळतो.

यावर दोन मार्ग रूढ झाले. पहिल्यात ज्या भागाला धडक बसली असे दाखवायचे तो भाग आतून घासून कागदासारखा पातळ केला जातो आणि मग मेणबत्तीच्या आचेवर, ज्योतीपासून अंतर राखून, मऊ करून दाबला जातो. दुसरा मार्ग अधिक कष्टाचा पण अधिक प्रामाणिक आहे. मूळ मडगार्डावर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा दाबून त्याचा ठसा घ्यायचा, प्लॅस्टिकचा भाग कापून काढायचा आणि तेथे हा पत्रा बसवायचा. स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियम फॉइल यासाठी जवळजवळ प्रमाणशुद्ध ठरते. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे थोडा जाड, परंतु घडी नीट धरणारा. धातू धातूसारखाच वाकतो. उष्णतेने वितळलेले प्लॅस्टिक मात्र ओघळते आणि अपघाताऐवजी आगीची आठवण करून देते.

काचेच्या बाबतीतही भौतिक नियम चुकवता येत नाहीत. समोरची काच दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा घालून केलेली असते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकते, पण जागेवर राहते. बाजूची काच कठिणीकरण केलेली असल्याने तिचे बारीक दाणे होऊन विखुरतात. बाजूच्या खिडकीवर जाळीदार तडा काढणारा कारागीर कुशल असला तरी त्याने मोटार पाहिलेली नाही, असेच म्हणावे लागते. गंजाचीही तीच गत. ओल्या पृष्ठभागावर मिठाचे कण चिकटवून वरून रंग द्यायचा आणि नंतर ते खरवडून खालचा तपकिरी थर उघडा करायचा, ही युक्ती इतकी लोकप्रिय झाली की तासाभरापूर्वी धडकलेल्या मोटारीवरही दहा वर्षांचा गंज दिसू लागला. ताज्या जखमेत उघडा पडतो तो चकचकीत पोलाद. शिवाय अलीकडच्या मोटारींच्या बंपरचे आवरण प्लॅस्टिकचे असते. ते फाटते, गंजत नाही.

धडक कोठे बसते?

यापुढचा प्रश्न तंत्राचा नसून इतिहासाचा आहे. १९८० च्या 'द ब्लूज ब्रदर्स' या चित्रपटात डझनावारी पोलीस मोटारींचा चुराडा झाला आणि मोडलेली पोलीस मोटार ही विनोदाची वस्तू बनली. चित्रपटांतील पाठलागांनी प्रेक्षकांच्या मनात जे चित्र रुजवले त्यात पोलीस मोटार नेहमी धावती असते आणि मार बसतो तो समोरून. प्रतिकृतिकारांनी हेच चित्र उचलले. त्याला वास्तवाचा आधार नाही असे नव्हे. पळणाऱ्या मोटारीच्या मागच्या कोपऱ्याला आपल्या पुढच्या कोपऱ्याने ढकलून ती फिरवण्याची पद्धत व्हर्जिनियातील फेअरफॅक्स काउंटीच्या पोलिसांनी १९८० च्या दशकात अवलंबिली आणि नंतर ती इतरत्र पसरली. त्या प्रसंगाच्या खुणा पुढच्या मडगार्डाच्या कोपऱ्यावर, तिरप्या ओरखड्यांच्या रूपात उमटतात. बॉनेट मधोमध दुमडण्याचे तेथे कारण नसते.

परंतु अमेरिकन पोलीस मोटारीच्या इतिहासातील सर्वांत वादग्रस्त हानी मागच्या बाजूची आहे. १९९२ पासूनच्या पिढीतील फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया ही दीर्घकाळ तेथील पोलिसांची परिचित मोटार होती. २०११ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिची इंधनटाकी मागच्या आसाच्या मागे होती. रस्त्याच्या कडेला दुसऱ्याचे वाहन तपासण्यासाठी थांबलेल्या पोलीस मोटारीला भरधाव वाहनाने मागून धडक दिल्यावर टाकी फुटून आग लागण्याच्या घटना घडल्या व त्यांत पोलीस मृत्युमुखी पडले. संघराज्य शासनाच्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने २००१-०२ मध्ये चौकशी केली, पण मोटारी परत मागवण्याचा आदेश दिला नाही. फोर्डने २००२ मध्ये टाकीभोवती संरक्षक आवरणे बसवून देण्याची तयारी दर्शवली. कडेला थांबलेल्या आपत्कालीन वाहनाजवळून जाताना मार्गिका बदलावी वा वेग कमी करावा, असा कायदा दक्षिण कॅरोलायना राज्याने १९९६ मध्येच केला होता. २०१२ पर्यंत तो सर्व ५० राज्यांत लागू झाला. अर्थात पोलीस मोटार ज्या क्षणी सर्वाधिक असुरक्षित असते, त्या क्षणी ती पाठलाग करीत नसते. ती उभी असते.

लिंडबर्ग कंपनीने १/२५ प्रमाणात क्राऊन व्हिक्टोरिया पोलीस मोटारीचा संच काढला होता. जुळणीनंतर ही मोटार साधारण २१.५ सेंटिमीटर लांब भरते. त्या संचातून पाठलागातली चेपलेली मोटार सहज करता येते, कारण प्रेक्षक ती लगेच ओळखतो. कडेला थांबलेली, मागून चेपलेली मोटार करावयाची तर पुढचा अर्धा भाग जवळजवळ अखंड ठेवावा लागेल, दिवे लावलेले दाखवावे लागतील, मागची डिकी आसनांपर्यंत आत ढकलावी लागेल आणि मागच्या दारांची चौकट वाकल्याने ती उघडत नाहीत हे दारांच्या फटींतून सुचवावे लागेल. संचातील मागचा भाग एकसंध ओतलेला असल्याने हे काम पुढच्या चेपेपेक्षा कितीतरी अवघड आहे. डिकीचे झाकण, टाकी आणि आसामागची पोकळी वेगवेगळ्या पत्र्यांतून नव्याने उभारावी लागते. पुढच्या दारावरील पोलीस दलाचे चिन्ह मात्र तेथे शाबूत राहते, त्यावर ओरखडाही नसतो.