बेसबॉल-समालोचक

बेसबॉलच्या सामन्याचे धावते समालोचन नभोवाणीवरून, आणि पुढे दूरचित्रवाणीवरूनही, करणारा निवेदक. अमेरिकेत या व्यवसायाचा आरंभ ५ ऑगस्ट १९२१ पासून धरतात. त्या दिवशी पिट्सबर्गच्या फोर्ब्ज फील्डवरील पायरेट्स विरुद्ध फिलीज हा सामना केडीकेए केंद्रावरून हॅरल्ड आर्लिन या वेस्टिंगहाऊस कंपनीतील अभियंत्याने श्रोत्यांस ऐकविला. त्याच्यामागून नावारूपास आलेला ग्रॅहम मॅकनामी मूळचा गायक. त्याच्या वाणीत उत्साह एवढा आणि तपशिलाची चाड एवढी कमी की, आज येथे दोन सामने झाले, एक मी पाहिला तो आणि दुसरा मॅकनामीने सांगितला तो, अशा आशयाचा शेरा विनोदकार रिंग लार्डनर याने मारला. सुकंठ निवेदक आणि थोर समालोचक यांतील अंतर या शेऱ्यामुळे प्रथम चव्हाट्यावर आले.

या खेळात चेंडू प्रत्यक्ष चालता असण्याचा काळ अत्यल्प असतो. पिचर (चेंडू फेकणारा) चेंडू चोळीत उभा राहतो, कॅचरच्या (फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या) खुणा न्याहाळून त्यांतील एखादी नाकारतो, फलंदाज आपली जागा सोडून पुन्हा तीत येतो. आणि २०२३ पासून प्रत्येक फेकीस सेकंदांची मुदत घालून देण्यात आली असली, तरी या रिकाम्या जागा नाहीशा झालेल्या नाहीत. शिवाय नियमित हंगामात प्रत्येक संघास १६२ सामने खेळावयाचे असल्यामुळे हा एकच आवाज जवळजवळ सहा महिने घरोघरी रोज रुजू असतो. म्हणून ज्याच्याजवळ केवळ उत्कंठेचा स्वर आहे, त्याचा मे महिन्यातच वीट येतो. ज्याच्याजवळ खेळाडूंच्या पूर्वायुष्याचा, जुन्या सामन्यांचा आणि मैदानावरील वाऱ्याउन्हाचा भरपूर साठा आहे, आणि फेकीची वेळ येताच तोंडची गोष्ट अर्ध्यावर ठेवून ती पुढे नेमकी तेथूनच उचलण्याचे कसब आहे, तोच टिकतो. ब्रुकलिन डॉजर्सचा समालोचक रेड बार्बर (१९०८–१९९२) आपल्यापुढे तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवी व ते उलटताना धावसंख्या सांगे, कारण नुकताच रेडिओ लावलेल्या श्रोत्यास काय हवे असते हे तो जाणून होता. डेट्रॉइटचा अर्नी हार्वेल प्रेक्षकांत गेलेला चेंडू मिशिगनमधील अमुक गावच्या गृहस्थाने झेलला असे बेलाशक सांगे. त्या गृहस्थाचे गाव त्याला ठाऊक असणे अर्थातच शक्य नव्हते, आणि या निरुपद्रवी थापेबद्दल कोणी त्याला जाब विचारल्याचे ऐकिवात नाही.

थापेची मोठी परंपरा वेगळीच आहे. १९३०च्या दशकात परगावचा सामना तारेने आलेल्या त्रोटक मजकुरावरून स्टुडिओत बसून जिवंत करून सांगण्याची वहिवाट होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला रॉनल्ड रेगन डी मॉईनच्या डब्ल्यूएचओ केंद्रावर शिकागो कब्जचे सामने असेच सांगत असता एकदा तार बंद पडली. तेव्हा ती सुरू होईपर्यंत त्याने बिली जर्जिस या फलंदाजाकडून फाऊलवर फाऊल (हद्दीबाहेर जाणारे फटके) मारवून घेतले, ही हकीकत तो स्वतःच रंगवून सांगे.

या कलेचा परमोत्कर्ष विन स्कली (१९२७–२०२२) याच्या ठायी झाला, असे बहुतेक जाणकारांचे मत आहे व ते ग्राह्य धरण्यास हरकत नाही. बार्बरच्या हाताखाली १९५० मध्ये रुजू होऊन २०१६ पर्यंत ६७ हंगाम तो डॉजर्सच्याच चाकरीत राहिला. हा संघ १९५८ मध्ये लॉस एंजेलिसला गेला तेव्हा तेथील प्रचंड कोलिझियममध्ये दूर बसलेले प्रेक्षक ट्रान्झिस्टर कानाशी धरून डोळ्यांसमोरचा खेळ स्कलीच्या तोंडून ऐकत. १९६० मध्ये एकदा त्याने सुचविताच त्यांनी फ्रँक सेकोरी या पंचास एकमुखाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. स्कली बहुधा एकटाच बोले, कारण सहकाऱ्याशी केलेल्या संभाषणात श्रोता उपरा ठरतो. (मुंबईचे क्रिकेट-समालोचक ए. एफ. एस. तल्यारखान यांनीही ध्वनिक्षेपकात वाटेकरी चालवून घेतला नाही.) ९ सप्टेंबर १९६५ रोजी डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स एकाही फलंदाजास पहिल्या बेसवर पोहोचू न देता सामना संपवीत असता, स्कली अखेरच्या डावात घड्याळातील वेळ पुनःपुन्हा सांगत राहिला, रात्रीचे ९ वाजून ४६ मिनिटे ही नोंद त्यामुळे इतिहासाच्या दप्तरी कायम झाली.

परंतु बोलण्याहून न बोलणे त्याला अधिक साधले होते. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटा येथे हँक एरन याने ७१५वा होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा चेंडू कुंपणापार गेल्याचे सांगून स्कलीने ध्वनिक्षेपक गर्दीच्या स्वाधीन केला, आणि बऱ्याच वेळाने, दक्षिणेतील एका शहरात एका कृष्णवर्णीयाचा हा जयजयकार चालला आहे, या त्या रात्रीच्या खऱ्या अर्थाकडे त्याने लक्ष वेधले. १९८८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही पायांनी अधू झालेल्या डॉजर्सच्या कर्क गिब्सनच्या विजयी होमरननंतर तो दूरचित्रवाणीवर मिनिटाहून अधिक काळ गप्प राहिला.

समालोचकास वेतन बहुधा संघ देतो, अगर त्याची नेमणूक तरी संघाच्या संमतीने होते. इमान मात्र श्रोत्याशी राखावयाचे असते. हॅरी केरी याने ही अडचण उघड पक्षपात करून आणि सातव्या डावात खिडकीतून वाकून प्रेक्षकांसह गाणे म्हणून सोडविली. तो अतोनात लोकप्रिय झाला. पण त्याच्या वर्णनात प्रतिपक्षाचा खेळ कित्येकदा दिसतच नसे. पुढे यांकीज संघाकडे गेलेल्या बार्बरचा मार्ग खडतर होता. २२ सप्टेंबर १९६६ रोजी यांकी स्टेडियममध्ये अवघे ४१३ प्रेक्षक हजर असता त्याने कॅमेरा रिकाम्या आसनांवरून फिरविण्यास सांगितले; ते नाकारण्यात आले, तेव्हा हीच आजची खरी बातमी होय असे तो श्रोत्यांस सांगून मोकळा झाला. थोड्याच दिवसांत, कराराची मुदत वाढविली जाणार नाही, असे त्याला कळविण्यात आले. त्याचा सहकारी मेल ॲलन याला यांकीज संघाने १९६४च्या हंगामानंतरच निरोप दिला होता. समालोचकांसाठी फोर्ड सी. फ्रिक पुरस्कार १९७८ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याचे पहिले मानकरी म्हणून हेच दोघे निवडले गेले.