वेदनादायी स्थित्यंतर आणि श्रद्धेचे नवजीवन : लक्ष्मीबाई टिळकांच्या धर्मांतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीय ख्रिस्ती धर्मांतराचा इतिहास प्रामुख्याने पुरुषांच्या वैचारिक प्रवासाच्या अंगाने मांडला गेला आहे. पत्नीने पतीचे अनुकरण केले, असे गृहीत धरून स्त्रियांचे धर्मांतर बहुधा एका वाक्यात आटोपले जाते. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे उदाहरण या गृहीतकास छेद देते. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेले त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र या अभ्यासाचे मुख्य साधन आहे. घटनांनंतर तीन-चार दशकांनी लिहिल्यामुळे ते तारखांपेक्षा मनःस्थितीच्या बदलांसाठी अधिक मोलाचे ठरते.

विच्छेदाची चौकट :
कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे माहेर कमालीचे सोवळे पाळणारे होते. अशा घरातील स्त्रीच्या दृष्टीने पतीचे धर्मांतर म्हणजे पती जिवंत असूनही संसार संपणे होय. त्यांचा पंढरपूर येथील वियोगकाळ अपमान, आजार व अनिश्चितता यांनी भरलेला होता.

तत्कालीन कायद्याने हा प्रश्न निराळ्या रीतीने हाताळला होता. १८५०च्या कायद्याने धर्मांतरिताचे वारसाहक्क सुरक्षित केले, तर १८६६च्या कायद्याने जोडीदाराने त्याग केल्यास धर्मांतरितास विवाहविच्छेदाची वाट मोकळी करून दिली. टिळकांनी ती वाट धरली नाही. लक्ष्मीबाईंनीही पत्नीपणाचा हक्क सोडला नाही. उभयतांचा पत्रव्यवहार चालू राहिला. कायद्याने तोडता आले असते ते नाते दोघांनीही टिकवले, म्हणूनच पुढील परिवर्तन शक्य झाले.

सोवळ्याकडून श्रद्धेकडे :
अहमदनगरला पतीच्या सान्निध्यात आल्यावरही लक्ष्मीबाईंनी काही काळ आपले सोवळे व स्वयंपाक वेगळा ठेवला. त्यांच्या परिवर्तनाचा क्रम येथे विशेष लक्षणीय आहे. प्रथम ढळला तो जातिभेदावरील विश्वास. जाती ईश्वराने नव्हे, तर माणसाने निर्माण केल्या, हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या विचाराने काढला व कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय केला. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यानंतर आली आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पती-पत्नींच्या बाप्तिस्म्यांमधील हे पाच वर्षांचे अंतर अनुकरणाचे नसून स्वतंत्र निर्णयाचे द्योतक आहे. टिळक तुकोबांच्या भक्तिमार्गाने ख्रिस्ताकडे आले; लक्ष्मीबाईंना मात्र स्वयंपाकघराचा उंबरठा आधी ओलांडावा लागला.

दुसरे स्थित्यंतर :
बाप्तिस्म्याने हा प्रवास संपला नाही. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. संसाराची घडी पुन्हा विस्कटली. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. औपचारिक शालेय शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचा फार मोठा भाग पुढे रचला. पतीमागून नवा धर्म स्वीकारणारी स्त्री अशी ज्यांची नोंद होते, त्यांनीच पतीची अपुरी धार्मिक रचना पुढे नेली.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, लक्ष्मीबाईंच्या बाबतीत श्रद्धेचे नवजीवन हे दुःखाचे आपोआप मिळालेले फळ नव्हते. दुःखाने जुने आधार काढून घेतले. नवे आधार त्यांनी विचारपूर्वक, स्वतःच्या गतीने उभारले. दुःखाचे समर्थन न करता त्यातून घडलेल्या कर्तृत्वाची नोंद घेणे, हे इतिहासलेखनाचे कर्तव्य आहे. त्यासाठी धर्मांतराचा अभ्यास बाप्तिस्म्याच्या तारखेपाशी न थांबवता, त्याआधीच्या व नंतरच्या वर्षांतील गृहजीवनापर्यंत नेणे आवश्यक ठरते. चूल, पाणी व पंगत यांविषयीच्या नोंदी हीही धर्मेतिहासाची अस्सल साधने होत.