बातमीचा धनी कोण?

महाजालावर सकाळी एखादी बातमी निघाली की घटकाभरात ती पन्नास ठिकाणी दिसू लागते. ती मिळवायला कोण धावले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. या उचलेगिरीला ‘संकलन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. परंतु हा तंटा महाजालाहून पुष्कळ जुना आहे.

अमेरिकेत १७९२ च्या टपाल कायद्याने एका छापखानदाराने दुसऱ्यास आपले पत्र टपालहशिलाशिवाय धाडावे अशी मुभा होती. गावोगावचे संपादक त्या अंकांवर कात्री चालवून आपली पाने भरीत. तेथे तुमचे मी घेतो, माझे तुम्ही घ्या असा व्यवहार असल्यामुळे सहसा कोणाचे बिनसत नसे. पुढे तारायंत्र आले, बातमी आणण्यास रोकड पैसा पडू लागला आणि ही शेजारधर्माची देवघेव अवघड झाली.

पहिल्या महायुद्धात ती पुरती मोडली. असोसिएटेड प्रेस ही सुमारे ९५० दैनिकांची सामाईक संस्था. वर्षाला तिचा खर्च सुमारे ३५ लाख डॉलर. तिची प्रतिस्पर्धी हर्स्टशेठची इंटरनॅशनल न्यूज सर्व्हिस. १९१६ साली ब्रिटन व फ्रान्सच्या सरकारांनी हर्स्टच्या संस्थेला आपल्या तारा बंद केल्या. तेव्हा तिच्या माणसांनी पूर्व किनाऱ्यावरील दैनिकांच्या फलकांवरून आणि पहिल्या आवृत्त्यांतून असोसिएटेडच्या बातम्या टिपून पश्चिमेकडे तारेने धाडाव्यात असा सपाटा लावला. सॅन फ्रान्सिस्कोचे घड्याळ न्यूयॉर्कच्या तीन तास मागे. त्यामुळे चोरलेला माल मूळ मालाच्या बरोबरीने, कधी त्याच्याही आधी, बाजारात येई.

२३ डिसेंबर १९१८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. घटनेवर कोणाची मालकी नाही, तथापि एकाने पेरावे आणि धंद्यातील प्रतिस्पर्ध्याने कापून न्यावे हे चालणार नाही, असे न्यायमूर्ती पिटनी यांनी बहुमताच्या वतीने सांगितले. होम्स यांचे मत निराळे पडले: मूळ संस्थेचे नाव ठळक सांगा, नाहीतर काही तास थांबा. ब्रँडाइस यांना हा नवा हक्कच मान्य नव्हता. ज्ञान एकदा प्रसिद्ध झाले की ते सर्वांचे, आणि त्याला कुंपण घालायचे तर ते कायदेमंडळाने घालावे, असे त्यांचे म्हणणे. विद्वानांचा ओढा ब्रँडाइस यांच्याकडे असतो. आम्हालाही त्यांचे भय रास्त वाटते.

मात्र आम्ही मस्टर आधी पाहणारी माणसे. त्या निकालात खर्च व श्रम यांचा उल्लेख आहे, पण ते श्रम जमा झाले संस्थेच्या खाती. पावसात उभा राहिलेला बातमीदार त्या खटल्यात पक्षकार नव्हता.

याच असोसिएटेड प्रेसने १९३५ साली मॉरिस वॉटसन या आपल्या कर्मचाऱ्याला कामावरून काढले. त्याचा खरा अपराध एवढाच, की तो वृत्तपत्र कामगारांच्या गिल्डचे काम करीत असे. संस्थेने वृत्तपत्रस्वातंत्र्याची ढाल पुढे केली. १९३७ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती बाजूला सारली आणि वॉटसनला कामावर परत घेण्याचा हुकूम कायम केला. दुसऱ्याने आपले श्रम उचलले म्हणून दाद मागणारी संस्था घरच्या श्रमिकाशी कशी वागली, ते येथे दिसते.

महाजालाच्या काळात युरोपने २०१९ साली नियम केला. दुवा देणे आणि अगदी थोडे शब्द उद्धृत करणे खुले राहिले. त्यापलीकडे मजकूर वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून मोबदला मागण्याचा हक्क प्रकाशकांना मिळाला. त्याच कलमात, या मिळकतीचा योग्य वाटा लिहिणाऱ्यास द्यावा, असेही घातले आहे. योग्य म्हणजे किती, हे देशोदेशींवर सोडले. जर्मनीने २०२१ साली आकडा घातला: किमान एक तृतीयांश. त्याहून कमी द्यायचे असेल तर प्रकाशकाला लेखकाशी एकट्यादुकट्याने सौदा करता येत नाही. त्यासाठी संघटनेशी सामुदायिक करार करावा लागतो.