मेढ्यातलं घर

मालवणच्या मेढ्यात घर घ्यावं, हे माझ्या डोक्यातलं खूळ आता चांगलंच मुरलंय. डोंबिवली स्टेशनात लोकलची वाट बघत उभ्या उभ्या मी ते घर घेतो, सारवतो आणि पडवीत आरामखुर्ची टाकून बसतोसुद्धा. नवं घर नकोच. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागल्या दारी बाव, बावीवर रहाट. समुद्र दिसला नाही तरी चालेल, मेढ्यात तो ऐकू येतो.

खरं तर मी मालवणातला असलो तरी मेढ्यातला नव्हे. आमचं बिऱ्हाड भरडावर. मेढा हे आजीचं माहेर, त्यामुळे तिच्या तोंडचा मेढा मी राहून आल्यासारखा पाठ केला आणि प्रत्यक्षातला पाहिला तो सुट्टीपुरता. बंदर आणि राजकोट किल्ला यांच्या कुशीतली ही वस्ती. आळ्या इतक्या अरुंद की समोरच्या घरात कसली आमटी शिजतेय ते विचारावं लागत नसे.

आजीच्या इतिहासात सनावळ्या नव्हत्या. मोरयाच्या धोंड्यावर महाराजांनी पूजा केली, समोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला बांधला, पायात शिसं ओतलं, हे सगळं ती काल घडल्यासारखं सांगायची. पायाभरणीची २५ नोव्हेंबर १६६४ ही तारीख मला पुढे शाळेने दिली. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याचं ‘फोर्ट ऑगस्टस’ करून टाकलं, मग तो कोल्हापूरकरांना परत दिला आणि १८१२च्या तहात कायमचा गिळला, हे मी तिला एकदा मोठ्या ऐटीत ऐकवलं. ती म्हणाली, “घेतल्यानी आसतलो. पण किल्ल्यातलो दोन फांद्यांचो माड मियां बघितलंय.” तो दुफाटा माड पुढे विजेने गेला. आजीच्या लेखी मात्र तहापेक्षा माड मोठा होता, आणि किल्ल्यावर अजून नांदणाऱ्या घरांना विचाराल तर तीही बहुधा तिच्याच बाजूने बोलतील.

तिचं खरं प्रकरण म्हणजे बोट. मुंबईहून निघालेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला यायची आणि वेंगुर्ल्याकडून गोव्याला जायची. मालवणचा किनारा खडकांचा, त्यामुळे ती बाहेर खोल पाण्यात उभी राही. भोंगा वाजला की मेढ्यातली पोरं जेवणावरून उठत. उतारू पडावात बसून बोटीपाशी जात आणि तिथे खरी कसोटी लागे. पडाव लाटेबरोबर वर चढतो, क्षणभर बोटीच्या शिडीच्या पातळीला येतो, पुन्हा खाली जातो. तो क्षण खलाशी बरोबर ओळखत. एकजण दंड धरून ओरडे, “मार उडी!” आणि नऊवारीतली बाई, काखेतलं पोर, खाज्याची पुडी, कुळथाच्या पिठाचा डबा असं सगळं एका झटक्यात शिडीवर. आजी स्वतः अशीच चढली होती, पोटुशी असताना. तिचा डावा हात कुणी धरला होता हे ती शेवटपर्यंत सांगे. तो खलाशी शेजारच्या आळीतला होता. म्हणून तर मी उडी मारली, म्हणायची. परक्याच्या हाताने मारली नसती.

पावसाळ्यात बोट बंद. मग घाटवाटा आणि चिखल, बस्स. नारळी पौर्णिमेला किल्ल्याच्या मानाचा नारळ समुद्राला वाहिला जाई, बंदरावर नारळ लढवले जात आणि गलबतं पुन्हा पाण्यात उतरायची तयारी सुरू होई. नारळाचा मान आजही आहे. गलबतं मात्र उरली नाहीत.

या सगळ्या गोष्टी पुन्हा आठवताना एक गोष्ट अलीकडेच माझ्या ध्यानात आली. आजीच्या एकाही गोष्टीत मेढ्यात कुणी नुसतं राहिलेलं नाही. तिचे भाऊ गिरणगावात, चुलते कुणाच्या गलबतावर, शेजारचा मुलगा आफ्रिकेच्या बोटीवर. ‘कालनिर्णय’ काढणारे जयंतराव साळगांवकर मूळ याच मेढ्यातले. त्यांनी पुढे इथे जयगणेश मंदिर बांधलं, पण कॅलेंडर काढलं मुंबईत. मेढ्याचा धंदाच मुळी जाण्याचा, नाहीतर जाणाऱ्याला पोचवण्याचा. ज्याला इथे आरामखुर्ची टाकायची आहे, तो मेढेकरांना मुळात कळलाच नसता. आजीने तर मला वेड्यात काढलं असतं.

तरी गेल्या गणपतीत मी चौकशी केलीच. वाट राजकोटावरून गेली. ४ डिसेंबर २०२३ला तिथे उभा राहिलेला महाराजांचा पुतळा वर्षही न भरता, २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. आता तिथे त्याहून उंच, नवा पुतळा आहे. गाड्या लावायला जागा नाही, स्कूबावाले मोबाइलवर भाव सांगत फिरतायत आणि जुन्या घरांवर ‘होमस्टे’च्या पाट्या लागल्यात. मी नाक मुरडत नाही. त्या पाट्यांमुळे काही कौलं तरी जागेवर राहिली आहेत.

मला हवं होतं तसं एक घर अजून उभं आहे. पडवीचे खांब शाबूत, न्हाणीघर ढासळलेलं, बावीचं पाणी मात्र गोड. चावी ज्याच्याकडे असते तो आजीच्या नात्यातला भाचा. त्याने प्रॉपर्टी कार्डाची झेरॉक्स समोर ठेवली. नावं पान भरून, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पांगलेली. एक सही कॅनडातून लागेल. समुद्र जवळ म्हणून किनाऱ्याच्या नियमांची परवानगी वेगळी.

“घेशात ओ,” तो म्हणाला, “पण मे म्हयन्यात शाकारणी कोण करतलो? कौलां चाळूक मानूस गावणा नाय. मियां होमस्टेक पत्रे घातलंय.”

पत्र्याचं काय भावाने पडतं, ते मी लगेच विचारून घेतलं.