श्रमजन्य कंडरा व संधिवेदना : इतिहास

हाताची एकच हालचाल दीर्घकाळ, जोराने व पुरेशा विश्रांतीविना होत राहिल्यास अंगठा, मनगट, कोपर वा खांदा येथील कंडरांत (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या चिवट तंतुमय पट्ट्यांत) आणि सांध्यांभोवती उद्‌भवणाऱ्या वेदना. लेखनिक, तारयंत्रचालक, विणकर, शेतमजूर अशा अनेक व्यावसायिकांत त्या आढळतात.

प्राचीन भारतीय वैद्यकास कंडरांचा परिचय होता. सुश्रुतसंहितेत शरीरातील कंडरांची संख्या सोळा सांगितली असून बाहूच्या कंडरा दूषित होऊन हाताची कार्यक्षमता नष्ट होते, त्या विकारास ‘विश्वाची’ म्हटले आहे. त्याचे कारण प्रकुपित वात हे मानले गेले. विशिष्ट व्यवसायाशी त्याचा संबंध जोडलेला नाही.

तो संबंध इटालियन वैद्य बेर्नार्दीनो रामात्सीनी यांनी स्पष्ट केला. कामकऱ्यांच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ १७०० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या १७१३ च्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या व्याधींची तीन कारणे दिली आहेत : सतत बैठक, हाताची एकाच दिशेने अखंड हालचाल आणि मनावरील ताण. एकोणिसाव्या शतकात तारयंत्राच्या प्रसाराबरोबर तारयंत्रचालकांच्या हातास येणारे पेटके व जखडलेपणा वैद्यांच्या दृष्टीस पडले. ब्रिटनमध्ये १९०८ साली या विकाराचा समावेश नुकसानभरपाईस पात्र अशा व्यवसायजन्य रोगांत झाला. दरम्यान १८९५ मध्ये स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द क्वेर्व्हँ यांनी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या कंडरांच्या आवरणाचा वेदनाकारक विकार वर्णिला; तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

अशा वेदनांचे मूळ शोथ म्हणजे दाह होय, अशी समजूत दीर्घकाळ होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकीय परीक्षणांत जुनाट विकारात दाहकारक पेशी थोड्याच आढळल्या. कोलॅजेन तंतूंची रचना मात्र विस्कळीत झालेली दिसली. कंडरेचा रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने तिची झीज भरून येण्यास वेळ लागतो. तो न मिळाल्यास झीज साचत जाते. त्यामुळे उपचारांत पूर्ण विश्रांतीऐवजी भार आटोक्यात ठेवून क्रमाक्रमाने वाढविलेल्या व्यायामास महत्त्व आले. केवळ पुनरावृत्तीपेक्षा जोर व पुनरावृत्ती यांचा संयोग अधिक घातक ठरतो, असेही दिसून आले.

हा संयोग वऱ्हाडातील शेतीकामात ठळकपणे दिसतो. वाशीम जिल्ह्यातील आसेगावचा परिसर कापूस, तूर व सोयाबीन यांच्या पट्ट्यात मोडतो. या पट्ट्यात पावसाळ्यात खुरप्याने निंदण, त्यानंतर विळ्याने सोयाबीनची सोंगणी आणि पुढे कापसाची वेचणी असा क्रम असतो. वेचणी मुख्यत्वे स्त्रिया करतात. वाळलेल्या बोंडाच्या टोकदार पाकळ्यांतून कापूस चिमटीने ओढून कमरेच्या ओटीत टाकला जातो. एका बोंडातून साधारणतः ३ ते ५ ग्रॅम कापूस मिळतो. म्हणजे एका किलोग्रॅमसाठी दोनशे ते सव्वातीनशे बोंडे वेचावी लागतात. मजुरी बहुधा वजनावर मिळत असल्याने हात थांबविणे म्हणजे मजुरी गमावणे होय. हंगामामागून हंगाम येत असल्याने झीज भरून येण्यास अवकाशही राहत नाही.

तथापि या विकारांचा इतिहास प्रामुख्याने लेखणी, तारयंत्र व संगणक यांवर काम करणाऱ्यांच्या हातांचा आहे. कारण त्यांच्या तक्रारींची कार्यालयांत नोंद होत असे. भारतात कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीतील रोगांत शिशाची विषबाधा, सिलिकोसिस इत्यादींचा अंतर्भाव होता, कंडराविकारांचा नव्हता; शिवाय शेत हे त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या सुधारित सूचीत मनगट व कोपर यांच्या अशा विकारांना व्यवसायजन्य रोग म्हणून स्थान मिळाले. वेचणाऱ्या स्त्रीचे दुखणे मात्र ‘हात भरून येणे’ एवढ्याच शब्दांत घरात राहते आणि वयाचा परिणाम म्हणून सोसले जाते. विकाराची कारणमीमांसा तीन शतकांत पुष्कळ पुढे गेली; कामाची नोंद जेथे होत नाही, तेथे तिचा लाभ अद्याप अल्पच पोहोचला आहे.