भिलाईतली बिननंबराची गाडी

भिलाईची पोस्टिंग आली तेव्हा माझ्या घरच्यांना हायसं वाटलं. त्याआधीची तीन वर्षं फील्डमध्ये गेली होती. आता एनसीसीचा पीआय स्टाफ म्हणजे सकाळी कॅडेट्सची परेड, दुपारी कागदपत्रं आणि संध्याकाळ आपली. माझा मूळ ट्रेड व्हेइकल मेकॅनिकचा, कोअर ईएमई. हाताला ग्रीस लागलं नाही की चार दिवसांत बेचैन व्हायला होतं. हे दुखणं आमच्या ट्रेडवाल्यांना ठाऊक आहे.

भिलाई हे पोलादाचं गाव. २ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत युनियनमध्ये करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आपण रेल्वेने जातो तेव्हा चाकाखालचा रूळ बहुधा इथलाच असतो. सेक्टर, सरळ रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं. मराठी माणूस इथे उपरा नाही. छत्तीसगडवर १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता आणि कारखाना उभा राहिला तेव्हा विदर्भातली बरीच मंडळी कामाला आली.

अशाच एका काकांची ओळख मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. वडील वर्ध्याकडचे, काका स्वतः कारखान्याच्या मेंटेनन्समधून निवृत्त झालेले. मी ईएमईचा आहे हे कळल्यावर म्हणाले, "साहेब, घरी या एकदा. मी एक गाडी बनवून राह्यलो." मला वाटलं जुनी जीप असेल. हुडकोतल्या त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. आत चौकोनी पाइपांचा एक लांबट सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला आणि भिंतीला टेकवलेलं ॲम्बेसेडरचं इंजिन. काकांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. लांब नाक, उघडी पुढची चाकं, दोनच सीटा, ना दरवाजे ना टप. ती होती लोटस सेव्हन. तिची प्रतिकृती काका घरी बनवत होते. नागपूरच्या पुतण्याला रॅलीचं वेड, तेही डांबरी रस्त्यावरच्या रॅलीचं. गाडी त्याच्यासाठी.

या गाडीचा इतिहास सांगतो. ब्रिटनमध्ये कॉलिन चॅपमन नावाचा एक तरुण इंजिनिअर होता, काही काळ रॉयल एअर फोर्समध्येही राहिलेला. १९४८ मध्ये त्याने जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून स्वतःची पहिली गाडी बनवली. पुढे वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात त्याचा कारखाना सुरू झाला. १९५७ मध्ये आली लोटस सेव्हन. चॅपमनचं गणित साधं होतं. इंजिनची ताकद वाढवायला पैसा लागतो, वजन कमी करायला डोकं लागतं. ही गाडी जेमतेम पाचशे किलोची. त्याच सुमारास आपल्याकडे ॲम्बेसेडर आली, ती अकराशे किलोच्या वर.

खरी गंमत पुढे आहे. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर जबर खरेदी कर होता, पण सुट्या भागांवर नव्हता. म्हणून लोटस कंपनी सेव्हन सुट्या भागांत विकायची आणि गिऱ्हाईक घरी जोडायचं. सोबत जोडणीची माहिती दिली तर कर लागू होईल, म्हणून कंपनी गाडी खोलायची कशी याची माहिती द्यायची आणि लोक ती शेवटाकडून वाचायचे, असं आजही सांगतात. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ही पळवाट बंद झाली. लोटसने ही गाडी कॅटरहॅम कंपनीला देऊन टाकली, ती आजही बनते. पण तोवर सवय लागून गेली होती. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन याचं पुस्तक आलं, अडीचशे पौंडांत घरी स्पोर्ट्‌स कार कशी बनवावी यावर. एक इंच चौकोनी, सोळा गेजच्या पाइपांचा सांगाडा आणि भंगारातल्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन. काकांच्या शेडमधला सांगाडा त्याच घराण्यातला होता.

आपल्याकडे कुणी हे केलंच नाही असं नाही. अलिबागला चिंकारा मोटर्स नावाची छोटी कंपनी सुरू झाली. गीडो बोथे हे जर्मन गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी शमा यांनी ती उभी केली. त्यांच्या रोडस्टरचं रूप लोटस सेव्हनचं, बॉडी फायबरची आणि इंजिन आपल्या ॲम्बेसेडरचं १.८ लिटरचं इसुझू. हे वाचूनच काकांनी एक जुनी इसुझू इंजिनवाली ॲम्बेसेडर विकत घेतली होती. सेव्हनला इंजिन पुढे उभं आणि ताकद मागच्या चाकांना लागते. मारुती ८०० ची सगळी यंत्रणा पुढच्या चाकांची, ती इथे बसत नाही. ॲम्बेसेडरचं इंजिन, गिअर बॉक्स, मागचा ॲक्सल सगळं जसंच्या तसं वापरता येतं.

त्याच्याही आधीची गोष्ट इचलकरंजीची. शंकरराव कुलकर्णी यांनी १९४० च्या दशकात छोट्या गाडीचं काम हाती घेतलं आणि पुढची तीन दशकं एकामागून एक नमुने बनवले. गाडीचं नाव मीरा. किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायची इच्छा होती. माणूस कारागीर होता, गाडी चालत होती. पण तो लायसन्सचा जमाना. १९५१ च्या कायद्यानंतर कोण काय बनवणार हे दिल्लीत ठरायचं. मीरा कारखान्यापर्यंत पोचलीच नाही आणि १९८३ च्या डिसेंबरात मारुती रस्त्यावर आली.

तर मी शेडमध्ये जाऊ लागलो. रविवारी सकाळी काकू पोहे द्यायच्या आणि आम्ही कामाला लागायचो. पाइप रायपूरच्या बाजारातून आणलेला, कारण भिलाईत रूळ आणि जाड प्लेटा बनतात, असला पातळ पाइप नाही. काका यावर हसायचे. "जन्म पोलादात गेला अन् पाइप मात्र विकत आणला."

पातळ पाइपाचं वेल्डिंग हा संयमाचा खेळ आहे. एका बाजूला सलग रॉड चालवला की उष्णतेने सांगाडा त्या बाजूला ओढला जातो. काकांनी उत्साहात डावी बाजू पूर्ण वेल्ड करून टाकली होती. मी दोन्ही कर्ण मोजले, सहा मिलिमीटरचा फरक. सांगाडा तिरका म्हणजे चाकं तिरकी, आणि वेगात ब्रेक मारला की गाडी एका अंगाला जाणार. चार सांधे ग्राइंडरने कापले. मग आधी सगळीकडे नुसते टॅक मारायचे, गुणिया लावायचा, कर्ण मोजायचे, मग एक सांधा डावीकडे, एक उजवीकडे. दीड महिना मागे गेलो. काका एका शब्दाने कुरकुरले नाहीत.

मार्चमध्ये पुतण्या आला. गाडी चार चाकांवर उभी होती, इंजिन बसलेलं. तो खुशीत होता. भिंतीला ॲम्बेसेडरची नंबर प्लेट लटकत होती, तिच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काका, हीच लावू. इंजिन तिचंच आहे, आरसी आहे. कोण विचारतं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही फौजी. तुम्ही सांगा, चालेल का?"

मोह मलाही होता. आणि प्रश्न नुसता फिरायला जाण्याचा नव्हता. सर्किटवरच्या रेसला नंबर लागत नाही, गाडी ट्रकवर चढवून नेली तरी चालते. रॅली वेगळी. १९५६ पासून चालत आलेली कॉर्सिका बेटावरची टूर द कॉर्स घ्या, जिला दहा हजार वळणांची रॅली म्हणतात, किंवा १९८० मध्ये मुंबईच्या नझीर हुसेन यांनी सुरू केलेली आपली हिमालयन रॅली. रॅलीत वेगाचे टप्पे बंद रस्त्यावर असतात, पण एका टप्प्यापासून दुसऱ्या टप्प्यापर्यंत गाडी सर्वसामान्य वाहतुकीतून न्यावी लागते. म्हणून रॅलीच्या गाडीला नंबर, आरसी, विमा सगळं हवं. नंबर नाही तर रॅली नाही.

आणि नंबर मिळत नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांचा १२६ वा नियम सांगतो की गाडीच्या नमुन्याची मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी झाली पाहिजे. पुण्याची एआरएआय किंवा आपल्या डीआरडीओची नगरची व्हीआरडीई अशा या संस्था. पण ही सगळी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली आहे. एका माणसाच्या एका गाडीला तो खर्च कसा पेलणार? जुन्या गाडीचा नंबर वापरावा तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आड येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं की कारखान्याने दिलेलं मूळ रूप बदलता येणार नाही. आम्ही तर ॲम्बेसेडरचं रूप सोडाच, तिचा चॅसिस नंबरसुद्धा शिल्लक ठेवला नव्हता.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची बातमी तेव्हा ताजी होती. हे गाव म्हणजे १९६२ च्या युद्धानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी गाडी बनवली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं आणि त्याच वेळी हेही म्हटलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या थांबवली जाईल. त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो दिली. माणसाचा सन्मान झाला, पण गाडी रस्त्यावरून संग्रहात गेली.

मी पुतण्याला कायदा सांगितला नाही. माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला एका ट्रेलरच्या हुकाचा वेल्ड मी घाईत केला होता. वरून सुंदर दिसत होता. तपासणीला दाखवायचा राहिला आणि गाड्या निघाल्या. चढावर हुक तुटला, ट्रेलर मागे घसरत जाऊन दगडाला अडला. मागे गाडी नव्हती म्हणून कुणाला काही झालं नाही. त्या दिवसापासून मला स्वतःच्या हाताचाही भरवसा दुसऱ्याने तपासल्याशिवाय वाटत नाही. "ही प्लेट लावलीस," मी म्हटलं, "तर जगाला सांगतोस की गाडी तपासलेली आहे. ती तपासलेली नाही. सांधे मी मारलेत, म्हणून सांगतो."

तो गप्प बसला. काकांनी उठून प्लेट काढली, आरसीबरोबर ट्रंकेत ठेवली. जुनी नोंद रीतसर रद्द करायचं त्यांनी त्याच आठवड्यात मनावर घेतलं.

माझं मत विचाराल तर तपासणीशी माझं भांडण नाही. उलट ती हवीच. ब्रिटनमध्ये आजही घरी बनवलेल्या एकेका गाडीची वेगळी तपासणी होते. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, धूर, सांगाडा पाहतात. पास झाली की नंबर मिळतो, नापास झाली की घरी. म्हणजे एकटी गाडी तपासता येते. आपल्याकडे कारखान्यासाठी मोठं फाटक आहे, एकट्या कारागिरासाठी खिडकीसुद्धा नाही. इचलकरंजीच्या मीरापासून देवराष्ट्रेपर्यंत माणसं वेल्डिंगवर अडलेली नाहीत, या खिडकीवर अडली आहेत. नगरला आपल्याच खात्याची माणसं रणगाड्यापासून ट्रकपर्यंत सगळं तपासतात. वर्षातून एक दिवस अशा दहा गाड्यांसाठी ठेवला तर काय बिघडेल?

माझी मूव्हमेंट ऑर्डर पुढच्या डिसेंबरात आली. निरोपाच्या दिवशी इंजिन सुरू केलं. शेडचे पत्रे थरथरले, काकू कानावर हात ठेवून बाहेर आल्या. पुतण्याने आता रॅलीचा नाद बाजूला ठेवून ऑटोक्रॉस धरला आहे. बंद मैदानात शंकू मांडलेले, घड्याळाशी शर्यत, गाडी ट्रकवरून न्यायची. त्यासाठी सुरक्षा पिंजरा लागतो, त्याचे सांधे मात्र त्याने बाहेरच्या माणसाकडून तपासून घेतले.

मागच्या महिन्यात काकांनी फोटो पाठवला. फायबरचं नाक बसलं आहे, रंग लाल. मागच्या पत्र्यावर मधोमध दोन भोकं दिसली. फोन करून विचारलं, ही कशाला? म्हणाले, "नंबर प्लेटचे बोल्ट, साहेब. कधी नियम झाला तर पुन्हा ड्रिल कुठं मारत बसू?"

जय हिंद.